आभासी जगात बैजिक भूमितीचा मोफत वर्ग घ्यायचाय, सल्ला हवा

वक्ररेषा (कर्वेनगर)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवते. बैजिक भूमितीची (बहुपदी समीकरणांतून मिळणाऱ्या वक्रांच्या आणि पृष्ठांच्या अभ्यासाची) तोंडओळख करून देणारा मोफत वर्ग मराठीतून सुरू करायचा बेत आहे, आणि तोही आभासी जगात. सगळे घरूनच आपापला अवतार घेऊन एका त्रिमित जागेत येतील, मध्ये समीकरणांची पृष्ठं (सरफेस) उभी असतील, मी बोलेन आणि मुलं त्या पृष्ठांभोवती फिरतील.

हा विषय मुलांना एमएस्सीत भेटतो तेव्हा अमूर्त बीजगणितातल्या रिंग आणि आयडियलच्या भाषेत इतका गुंडाळलेला असतो की आत भूमिती आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. याच विषयातले मोठे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली याच गावात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था सुरू केली. तिच्याजवळच्या लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गणिताच्या मुलांना अभ्यंकरांचा विषय कोणता होता हे सांगता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आभासी जग अशासाठी, की फळ्यावर काढलेल्या पृष्ठाची मागची बाजू कुणालाच दिसत नाही.

कुठलं जग घ्यावं? पदरचे किती जातील? फळ्याचं काय करायचं? समीकरण लिहिल्याशिवाय मला शिकवता येणार नाही. आणि सुरुवात कुठून करावी? मुलांना बहुपदी, थोडं कॅल्क्युलस आणि संमिश्र संख्या येतात, अमूर्त बीजगणित येईलच असं नाही. बारा-पंधरा जण आले तरी पुष्कळ.

हिंजवडीकर

ताई, बेत फार आवडला. तांत्रिक बाजूचं मी सांगतो.

सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ पासून चालू आहे, साधं खातं फुकट मिळतं आणि आवाजाची सोय आतच आहे. जवळ उभ्या असलेल्याचा आवाज मोठा येतो, लांबच्याचा बारीक, त्यामुळे दोघंतिघं बाजूला जाऊन उदाहरण सोडवू शकतात. अडचण पृष्ठांची. स्वतः बनवलेला मेश (पृष्ठाचं त्रिमित मॉडेल) चढवायचा तर खात्यावर पैसे भरण्याची माहिती नोंदवावी लागते आणि दर वेळी लिंडन डॉलरमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, शुल्क पडतं. कायमची जागा हवी तर तिचं भाडं वेगळं. सँडबॉक्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरावाच्या जागा, फुकट असतात, पण तिथे ठेवलेल्या वस्तू काही वेळाने आपोआप परत येतात. म्हणजे दर वर्गाला सगळं नव्याने मांडा.

म्हणून मी ओपनसिम्युलेटर सुचवेन. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, मेश चढवायला पैसे नाहीत आणि फायरस्टॉर्म व्ह्यूअरमधून आत जाता येतं. आवाजाची सोय मात्र वेगळी जोडावी लागते. त्यात वेळ घालवू नका, आवाज सरळ जित्सीच्या कॉलवर ठेवा. मोझिला हब्ज हे जग ब्राउझरमध्ये चालायचं, शिक्षकांना सोयीचं होतं, पण मोझिलाने ते २०२४ मध्ये बंद केलं. कोड मुक्त असल्याने ज्याला जमेल तो स्वतः चालवू शकतो. जग कुठलंही घ्या, मेशच्या मूळ फायली आपल्या डिस्कवर ठेवा.

फळ्याबद्दल: आतल्या गप्पांच्या चौकटीत समीकरण लिहिता येत नाही, आणि तिथे टाइप केलेलं साधारण वीस मीटरपर्यंतच पोचतं. ब्राउझरमधला एखादा व्हाइटबोर्ड उघडा, पेन टॅब्लेटने लिहा आणि तेच पान आतल्या एका सपाट भिंतीवर मीडिया म्हणून लावा. ज्याला भिंतीवरचं नीट दिसत नाही तो शेजारच्या टॅबमध्ये बघेल.

पेठकर

सुरुवातीबद्दल माझं ठाम मत आहे. वर्तुळापासून करा. (−१, ०) या बिंदूतून t चढाची रेषा काढा, ती वर्तुळाला दुसऱ्या कुठल्या बिंदूत छेदते ते मुलांना काढू दे. x = (१−t²)/(१+t²), y = २t/(१+t²). मग t = १/२ ठेवायला सांगा, (३/५, ४/५) हातात येतं आणि ३-४-५ चा त्रिकोण समोर उभा राहतो. दहावीच्या बीजगणितात एवढं होतं, आणि त्यात वक्राचं परिमेय प्राचलीकरण (प्रत्येक बिंदू t मधल्या बहुपदींच्या भागाकारांनी लिहिणं) शिकवून झालेलं असतं.

अभ्यंकरांचा आग्रह हाच होता. शाळेतल्या बीजगणिताची ताकद ओळखा, बहुपदी हाताने सोडवा. १९५६ मध्ये त्यांनी सांत कॅरॅक्टरिस्टिकमधल्या (जिथे १ मध्ये १ मिळवत गेलं की कधीतरी ० येतं अशा संख्यांवरच्या) पृष्ठांच्या विशेष बिंदूंचा, म्हणजे जिथे पृष्ठ गुळगुळीत नसतं त्या बिंदूंचा, उलगडा केला तो याच बळावर. जपानी गणितज्ञ हिरोनाकांनी १९६४ मध्ये शून्य कॅरॅक्टरिस्टिकचा (वास्तव, संमिश्र अशा नेहमीच्या संख्यांवरचा) हाच प्रश्न सगळ्या मितींत सोडवला. सांत कॅरॅक्टरिस्टिकमध्ये चार आणि त्याहून जास्त मितींसाठी तो आजही सुटलेला नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा. आपण शिकतोय त्या विषयाचं दार अजून उघडं आहे, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलाला कळायलाच हवं.

हिल्बर्टचा नलश्टेलनझाट्झ (आयडियल आणि बहुपदींची शून्यं यांना जोडणारं प्रमेय) कुणी विचारेपर्यंत काढू नका. पुस्तक द्यायचंच तर फुल्टनचं वक्रांवरचं द्या, लेखकानेच ते आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलंय.

मिरजेहून

मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला नक्की यायचंय. पण माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे फक्त फोन आहे. ही त्रिमित जगं आमच्याकडे अडखळत चालतात. प्रत्येक वर्ग आतच घेतलात तर आम्ही बाहेर राहू.

वक्ररेषा (कर्वेनगर)

मिरजेहून, बरं झालं लिहिलंस. तुमच्यासारख्यांसाठीच तर हा वर्ग आहे. मग त्रिमित जग मोजक्या तासांपुरतंच ठेवू, बाकी तास साध्या व्हाइटबोर्डवर घेऊ. अशा मोजक्या तासांसाठी तीनच पृष्ठं बनवायची झाली तर कुठली? आणि बेझूचं प्रमेय (दोन वक्रांचे छेदनबिंदू त्यांच्या घातांच्या गुणाकाराइतके असतात) आत कसं दाखवू?

अनंतबिंदू

वक्ररेषाताई, तीन म्हणालात तर ही तीन.

पहिलं y² = x³ + x². कागदावर हा वक्र आरंभबिंदूपाशी स्वतःलाच कापतो. पेठकरांचीच युक्ती इथे लावा, y = tx ठेवा. x = t²−१ आणि y = t(t²−१) मिळतं. t = १ आणि t = −१ या दोन्ही वेळी वक्र आरंभबिंदूतूनच जातो. आता t हीच उंची धरा. वक्र y = xt या खोगिराच्या आकाराच्या पृष्ठावर चढतो, आणि जिथे फुली होती तिथे एक वाट वर एक एककावर जाते, दुसरी खाली एक एककावर. उड्डाणपुलासारखंच, नकाशात रस्ते एकमेकांना कापताना दिसतात, जाताना कुणी कुणाला आडवं येत नाही. एक एकक म्हणजे चार मीटर धरून बांधा. मुलांना आधी वरून बघायला लावा, मग त्या वाटेवरून चालवा. ब्लो-अप (विशेष बिंदू असा सोडवायची रीत) म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगली जागा माहीत नाही, आणि आभासी जगाची खरी गरज इथेच आहे.

एक सूचना. मेश चढवताना फिजिक्ससाठी पृष्ठाचाच आकार द्या, आणि नंतर फिजिक्स शेप कॉन्व्हेक्स हल (खळगे बुजवणारं बाहेरचं आवरण) असेल तर बदलून प्रिम करा. नाहीतर अवतार खोगिराच्या खोलगटात उतरणारच नाही, वरच्या वर हवेत चालेल.

दुसरं व्हिटनीची छत्री, x² = y²z. प्राचल सोपे आहेत, (uv, u, v²). ते वापरून मेश काढलात तर नुसतं कापड येतं, दांडा येत नाही. कारण z = v² कधी ऋण होत नाही. पण समीकरणात x = ० आणि y = ० ठेवा, z काहीही चालतो, म्हणजे z-अक्षाचा खालचा भागही पृष्ठात आहे. दांडा वेगळा उभा करा आणि तो आला कुठून हे मुलांना विचारा. उत्तर v ला काल्पनिक करण्यात आहे. v = is घेतलं की z = −s², आणि x व y दोन्ही वास्तव राहायला u शून्यच लागतो. दांडा हा संमिश्र पृष्ठाचा आपल्याला दिसणारा तेवढाच भाग. संमिश्र संख्यांवाचून हा विषय का चालत नाही, ते इथे मुलं स्वतःच बोलतील.

तिसरं क्लेबशचं घन पृष्ठ. प्रत्येक गुळगुळीत घन पृष्ठावर संमिश्र संख्यांवर मोजल्यास बरोबर सत्तावीस सरळ रेषा असतात, केली आणि सॅमन यांचं हे काम १८४९ चं. बहुतेक वास्तव पृष्ठांवर त्यातल्या काहीच दिसतात, क्लेबशच्या पृष्ठावर सगळ्या सत्तावीस वास्तव आहेत. रेषा वेगळ्या बारीक काठ्या म्हणून बनवा, स्पर्श केला की रंग बदलेल अशी छोटी स्क्रिप्ट घाला आणि मुलांना मोजू द्या. पूर्ण पृष्ठावर तीन-तीन रेषा एकत्र येणारे दहा बिंदू आहेत. तुमच्या मॉडेलच्या चौकटीत किती येतात, तेही शोधू द्या.

समीकरणावरून मेश काढायला मार्चिंग क्यूब्ज पद्धत चालते, पण विशेष बिंदूपाशी ती फाटते किंवा बिंदू बुजवून टाकते. छत्री प्राचलांवरूनच काढा, क्लेबश गुळगुळीत असल्याने तिथे काळजी नाही.

बेझू आत दाखवायच्या फंदात पडू नका. दोन वर्तुळांनी चार बिंदूंत छेदायला हवं, आपल्याला दोनच दिसतात. उरलेले दोन अनंतावर आहेत, (१ : i : ०) आणि (१ : −i : ०), आणि जगातलं प्रत्येक वर्तुळ त्या दोघांतून जातं. तिथे अवतार उभा करता येत नाही. समीकरण समघात करा (z घालून सगळ्या पदांचा घात सारखा करा), z = ० ठेवा, x² + y² = ० उरतं. वहीत दोन ओळींत होतं. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्यालाही.

हिंजवडीकर

मिरजेहून आणि त्यांच्या मित्रांसाठी: तिन्ही मेश मी ब्राउझरमध्ये बोटाने फिरवता येतील अशा पानावर ठेवून देतो, फोनवर चालेल. चालणं नाही होणार, पण मागची बाजू दिसेल. ओपनसिम्युलेटरचा सर्व्हरही मीच चालवतो, ताई, त्याचा खर्च माझ्याकडे.

पेठकर

वेळापत्रक करताना गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीच्या आधीची सत्र परीक्षा सोडा. शनिवार संध्याकाळ बरी.

वक्ररेषा (कर्वेनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: व्हाइटबोर्डवर वर्तुळ, मग y² = x³ + x², मग आत जाऊन तीच वाट चालायची. नंतर छत्री, त्यातून संमिश्र संख्या, मग वहीत बेझू, शेवटी क्लेबश. तीनच तास आत, प्रत्येकाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी. आयडियल काय असतो ते छत्री झाल्यावर सांगेन, तेव्हा मुलांना त्याची गरज पडलेली असेल.

अनंतबिंदू, छत्रीच्या तासाला तुम्ही आत हजर राहाल का? दांड्याचा प्रश्न तुम्हीच विचारावा असं वाटतं. ज्यांना यायचंय त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा आणि सोबत फोन आहे की लॅपटॉप एवढं लिहा.