मुक्त बाजारपेठेसाठी काम करणारा गट ठाणे-नवी मुंबईत आहे का? नोंदणीबद्दलही मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही आठ-दहा जण दर दुसऱ्या रविवारी कोपरखैरण्यात आमच्या घरी जमतो, विषय एकच, सरकारने कशात पडावं आणि कशात पडू नये. आता नुसतं बोलणं पुरे, काहीतरी रीतसर उभं करायचंय.

बाबा मूळचे निफाडकडचे, शेतमालाला खुला बाजार मागणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते. संघटनेचा लाल बिल्ला अजून कपाटात रुमालात बांधून ठेवलाय, पिन गंजलीये पण टाकू देत नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये वर निर्यातबंदीच, तेव्हा काकांचा गावाहून फोन आला आणि बाबा त्या रात्री जेवलेच नाहीत. ती बंदी थेट मे २०२४ ला उठली.

तर पहिलं म्हणजे, इथे कुठल्याही पक्षाचा नसलेला असा गट चालू आहे का? मुंबईत १९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी सुरू केलेलं फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज आहे, दिल्लीत सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी आहे, पण त्यांचं बरंचसं काम इंग्रजीत चालतं आणि आम्हाला मार्केटातल्या, नाक्यावरच्या माणसांशी मराठीत बोलायचंय.

दुसरं नोंदणीचं. पक्ष काढायचा नाहीये, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या १९८९ च्या दुरुस्तीपासून नोंदणीसाठी पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहावी लागते, जे पटत नाही ते सही करून द्यायचं कसं? मग ट्रस्ट की सेक्शन ८ कंपनी (म्हणजे नफा न वाटणारी कंपनी)? एक सल्लागार म्हणाले की उद्देशात ‘धोरणबदल’ शब्द आला की राजकीय ठरवतील. खरंय का हे?

पहिलं काम फेरीवाल्यांचं घ्यावं असं माझं मत. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी पालिकेची गाडी आली की आधी वजनकाटा उचलून पळते, भाजी तशीच टाकून, कारण भाजी उद्या परत भरता येते, काटा गेला की धंदाच बसला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही असं लिहिलंय! मुक्त बाजार म्हटलं की लोकांना फक्त बडे उद्योगपती दिसतात, मला ही मावशी दिसते.

कुणी अशी संस्था नोंदवली असेल तर उद्देशाचा मसुदा प्लीज व्यनि (खासगी निरोप) करा. ठाण्याहून कुणी रविवारी येणार असेल तर तेही कळवा, बाबा स्वतः स्टेशनवर घ्यायला येतील.