पोर्टेबल ट्री स्टँड आणि क्लायंबिंग स्टिक्स : सीझनआधी मदत हवी

प्रेषक: नोव्हायहून एक सदस्य

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या धावपळीत वेगळाच विषय आणतोय, पण 1 ऑक्टोबर जवळ आला. यंदा मी इथे मिशिगनमध्ये आर्चरी सीझनमध्ये (धनुष्यबाणाने शिकारीच्या हंगामात) हरणाच्या शिकारीला जाणार आहे. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, बेस लायसन्स आणि डिअर लायसन्स घेतलं, कंपाउंड बोचा (कप्प्यांच्या धनुष्याचा) सराव चालू आहे. नवरात्रात आमच्याकडे मांसाहार नसतो, त्यामुळे पहिली खेप दसऱ्यानंतरच.

अडलंय ते झाडावर चढण्यापाशी. स्वतःची जमीन नाही, स्टेट लँडवर (राज्याच्या सार्वजनिक जमिनीवर) जायचं, म्हणजे लॅडर स्टँड (शिडीचं मचाण) वाहून नेणं शक्य नाही. म्हणून एक हँग-ऑन स्टँड (पट्ट्यांनी खोडाला टांगायचं छोटं मचाण) आणि चार क्लायंबिंग स्टिक्स (खोडाला बांधायच्या, पायऱ्या असलेल्या दांड्या) घेतल्या. व्हिडिओ पुष्कळ पाहिले. त्यात माणूस बघता बघता वर पोचलेला असतो, मधलं काही कळत नाही. दोन्ही हात स्टिक बांधण्यात गुंतले की माणूस झाडाला धरून राहतो कसा? स्टँड वर न्यायचं कसं? आणि झाड कोणतं निवडायचं? आपल्यात कुणी हे करत असेल तर कृपया सविस्तर लिहा. मी वयाने लहान आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल.

प्रेषक: लान्सिंगजवळचे एक सदस्य

अरे वा, आपल्या मेलिंग लिस्टवर हा विषय निघाला याचा आनंद झाला. मी बरीच वर्षं शिकार करतो आणि स्टेट लँडवरच करतो, त्यामुळे तुझी अडचण नेमकी कळली.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की कर. जमिनीवरून पाय उचलण्याआधी तू झाडाला बांधलेला असला पाहिजेस, आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत बांधलेलाच. वर पोचून हार्नेस (अंगावर घालायचे सुरक्षा पट्टे) अडकवणारे खूप आहेत. पण माणसं जास्त करून पडतात ती चढता-उतरताना आणि स्टिकवरून स्टँडवर पाय टाकताना. वर निवांत बसल्यावर पडणारे त्या मानाने थोडे. म्हणजे हार्नेस लागतो तो नेमका त्या मधल्या वेळात.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लाइनमन बेल्ट. विजेच्या खांबावरचे कामगार वापरतात तसाच दोर, खोडाभोवती फिरवून हार्नेसच्या कमरेवरच्या दोन्ही कड्यांत अडकवायचा. लांबी प्रुसिक गाठीने (हाताने सरकवता येते, पण भार आला की आवळते अशी गाठ) कमी-जास्त होते. त्यावर मागे रेलून पाय खोडाला रेटले की दोन्ही हात मोकळे. पहिल्यांदा रेलताना छातीत धडधडतं, म्हणून हे जमिनीपासून हातभर उंचीवर शिकायचं. एक लक्षात ठेव, लाइनमन बेल्ट हा काम करताना आधार देण्यासाठी आहे. पाय निसटला तर तो खोडावरून तुझ्याबरोबर खाली घसरू शकतो. म्हणून जोडीला टेदर हवा, म्हणजे झाडाला स्वतंत्र आवळलेला दोर आणि तो थेट हार्नेसला जोडलेला. स्टिकगणिक तो वर सरकवत न्यायचा. मध्ये फांदी आली तर आधी टेदर फांदीच्या वर बांध, मग बेल्ट सोडून फांदीवरून फिरवून घे. दोन्ही एकाच वेळी सुटलेले असा क्षण यायलाच नको.

आता स्टिक्स. पहिली स्टिक अशी लाव की खालच्या पायरीवर गुडघा फार न उचलता पाय जाईल. पट्टा हाताने जमेल तेवढा आवळला की स्टिक खाली जोरात दाब. स्टिकचे दात सालीत बसतात आणि पट्टा आणखी ताठ होतो. दाबल्यावर ती बाजूला फिरली तर बसलीच नाही असं समज, सोडून पुन्हा बांध. प्रत्येक स्टिकवर पूर्ण वजन टाकण्याआधी एका पायाने हळूहळू भार देऊन बघायचा. पट्ट्याचं लोंबणारं टोक गुंडाळून खोच, नाहीतर उतरताना अंधारात त्यात बूट अडकतो. दोन स्टिक्समधलं अंतर टी-शर्ट घालून मोजू नकोस. नोव्हेंबरात अंगावर तीन थर आणि जाड बूट असतात, तेव्हा पाय उन्हाळ्याइतका उचलत नाही. चार स्टिक्समध्ये जास्तीत जास्त उंची गाठण्यासाठी अंतर ताणणारे पाहिलेत, तसं करू नकोस. पंधरा-सोळा फूट उंची पुरते, पाठीमागे फांद्यांचा आडोसा असला म्हणजे झालं. फार उंचावरून जवळच्या हरणावर बाण इतका उभा उतरतो की दोन्ही फुफ्फुसं भेदणं कठीण होतं, आणि जखमी हरीण पळून जाणं मला तरी सहन होत नाही.

शेवटची स्टिक स्टँडच्या थोडी बाजूला आणि तिची वरची पायरी स्टँडच्या फळीपेक्षा उंच ठेव. स्टँडवर नेहमी वरून खाली पाय टाकायचा. खालून वर चढत स्टँडच्या कडेला लोंबकळायचं नाही.

स्टँड पाठीवर घेऊन चढू नकोस. ते हॉल लाइनला (सामान वर ओढायच्या दोराला) बांधून जमिनीवर ठेव आणि तू वर नीट बांधलेला असलास की ओढून घे. फळी दुमडलेलीच ठेवून वरचा पट्टा खोडाभोवती घे आणि आवळ. मग खालचा. फळी उघडल्यावर स्टँड खोडाला चिकटून बसतं, हलवून पाहिलं तर तसूभरही सरकता कामा नये. आवाज आला, करकरलं, तरी उतरवून पुन्हा लाव. बेल्टवर रेललेला असतानाच आधी एक पाय, मग दुसरा. स्टँडवर आलास की टेदर डोक्याच्या उंचीवर बांध, आणि बसल्यावर तो ताठ राहील इतकाच लांब ठेव. ढिला टेदर म्हणजे पडल्यावर तेवढा जास्त झटका, आणि मग परत फळीवर पाय टेकता येत नाही. बो सगळ्यात शेवटी हॉल लाइनने वर, बाण क्विव्हरमध्ये (भात्यात) झाकलेले. उद्या बंदूक घेऊन गेलास तर ती रिकामी करूनच.

स्टँड त्याच झाडावर सीझनभर राहणार असेल तर लाइफलाइन घे. वरपासून जमिनीपर्यंत एक दोर, त्यावर सरकणारी प्रुसिक गाठ. खालीच अडकवायचं आणि गाठ बरोबर वर नेत जायची. पहाटेच्या काळोखात हाताला पहिल्यांदा लागते ती हीच. माझ्या मते हार्नेसखालोखाल पैसे खर्च करण्यासारखी गोष्ट हीच.

झाडाबद्दल. अ‍ॅश अजिबात नको. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आपल्याकडेच, 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ. तेव्हापासून इथली अ‍ॅश उभ्या उभ्या वाळली आहेत. लांबून खोड सरळ, उंची छान, आणि आत लाकूड ठिसूळ. सालीखाली नागमोडी बोगदे किंवा इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसली की पुढे चालायचं. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यासारखी सुटते, त्यावर पट्टा आवळला तरी तो सालीलाच धरतो, झाडाला नाही. बीच गुळगुळीत असते, पावसात स्टिक सरकते. मला रेड ओक आवडतो, साल खरखरीत आणि दात पक्के रुततात. व्हाइट ओक जवळ असेल तर उत्तमच, कारण त्याचे एकॉर्न (ओकची फळं) कमी तुरट असतात आणि हरणं आधी तेच खातात. पण झाड जिवंत आहे ना, वर वाळकी फांदी लटकत नाही ना, हे मान वर करून चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय पट्टा काढूच नकोस.

स्टेट लँडचे नियम: स्टँड ठरलेल्या तारखेच्या आधी लावायचं नाही आणि 1 मार्चपर्यंत काढायचं. त्यावर नाव-पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा स्पोर्टकार्ड (राज्याचं शिकारीसाठीचं ओळखपत्र) नंबर जमिनीवरून वाचता येईल असा लिहायचा. खिळे, स्क्रू-इन पायऱ्या, झाडाच्या आत घुसणारं काहीही चालत नाही. म्हणून तुझ्या पट्ट्याच्या स्टिक्स योग्य आहेत. आणि नाव लिहिलं म्हणजे ती जागा आपली होत नाही. पहाटे दुसरा कुणी तिथे बसलेला दिसला तर नमस्कार करून दुसरीकडे जायचं.

प्रेषक: ट्रॉयहून एक ज्येष्ठ सदस्य

मी मुलाकडे येऊन-जाऊन असतो. मूळचा वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे पाडेली पायात दोराचं कडं घालून सरसर माडावर चढतो, कमरेला फक्त कोयता. मचाणावर बसायला एवढे पट्टे आणि कड्या लागतात हे वाचून नवल वाटलं. सवयीने हे सगळं सुटत नाही का?

प्रेषक: लान्सिंगजवळचे एक सदस्य

काका, पाडेल्याचं कौशल्य मोठंच. पण तो लहानपणापासून चढतो, दिवसाउजेडी चढतो आणि काम झालं की लगेच उतरतो. कोकणातही माडावरून पडून जायबंदी झालेली माणसं तुमच्या माहितीत असतीलच. इथे आम्ही वर्षाचे दहा महिने कॉम्प्युटरसमोर बसतो आणि मग शून्याखालच्या थंडीत, अंधारात, दव गोठलेल्या पायरीवर पाय टाकतो. वर तीन-चार तास न हलता बसल्यावर पाय बधिर होतात आणि तसेच उतरायचं असतं. खरं सांगायचं तर सवय झालेलेच पट्टा सोडतात. म्हणून मी तरी सवयीवर विसंबत नाही.

प्रेषक: कँटनहून, इमर्जन्सीत काम करणारी एक सदस्य

भावोजी, तुम्ही पडण्यापासून वाचवण्याचं छान लिहिलंत. पण हार्नेसने अडवल्यावर पुढे काय, हे त्याला सांगायलाच हवं.

माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला की मांड्यांचे पट्टे शिरा दाबतात, पायांतलं रक्त वर परतत नाही. चक्कर येते, मळमळतं आणि फार वेळ न लागता शुद्ध हरपू शकते. त्यामुळे लटकल्यावर पहिलं काम पाय हलवत राहणं, खोडाला रेटत राहणं. हार्नेसबरोबर सस्पेन्शन रिलीफ स्ट्रॅप येतो, तो लोक पाकिटातच ठेवतात. तो हाताशी बांधून ठेव. त्याचा फास करून त्यात पाय घालून उभं राहिलं की मांड्यांवरचा भार उतरतो. हेही आधी कमी उंचीवर, कुणीतरी शेजारी असताना करून बघ.

फोन बॅकपॅकमध्ये नको, बॅकपॅक झाडाला टांगलेली असते आणि हात पोचत नाही. छातीच्या खिशात ठेव, शिट्टीही तिथेच. घरी फक्त "जंगलात जातोय" सांगू नकोस. झाडाचं लोकेशन पाठव आणि किती वाजता उतरणार ते सांग. शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, त्यावर गाडीपर्यंत चालण्याचा वेळ धर. त्या वेळेनंतर किती वाट बघायची आणि मग 911 ला फोन करायचा, हे बायकोशी आधीच ठरव. आणि कुणी पडलेलं सापडलं तर त्याला उठवून बसवायला जाऊ नका. मान आणि पाठ आहे तशीच राहू द्या, पांघरूण घाला, मदत बोलवा.

प्रेषक: नोव्हायहून एक सदस्य

दादा, ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिला माझ्या जाण्याची धास्ती होती, आता वेळा तीच ठरवते आहे.

काल शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या मेपलवर पहिली स्टिक लावली. बेल्टवर रेलणं जमलं. दोन अडचणी आल्या. स्टिक्स एकमेकींवर आपटून खणखण वाजतात. आणि मित्राने जुना हार्नेस देऊ केलाय, पट्टे दिसायला ठीक आहेत. घ्यावा का?

प्रेषक: लान्सिंगजवळचे एक सदस्य

हार्नेस घेऊ नकोस. त्याच्यावर उत्पादनाची तारीख असते. उत्पादक साधारण पाच वर्षांनी बदलायला सांगतात, आणि एकदा पडण्याचा झटका बसलेला हार्नेस तर लगेच टाकून द्यायचा. जुन्या पट्ट्यात ऊन, घाम आणि उंदराचे दात यांनी काय केलंय ते नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. नवीन स्टँडबरोबर आलेला हार्नेस आहे ना, तो वापर. मित्राला हेच सांग आणि त्यालाही तो वापरू देऊ नकोस. स्टँडवर लिहिलेली वजनाची मर्यादा, बहुतेकांची 300 पौंड, ही कपडे आणि सामानासकट असते, तीही बघून घे. सीझन संपला की सगळं उतरवून घरी आण. खोड वाढतं, पट्टा ताणला जातो, खारी कुरतडतात. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यावर चढायचं नाही.

आवाजाचं सोपं आहे. जिथे धातूला धातू लागतो तिथे कापडी टेप किंवा चिकट फोमची पट्टी लाव. बकल सैल सोडलं की ते पहिलं वाजतं, म्हणून पट्टे गुंडाळून रबराने बांध. पहाटेच्या शांततेत एक टणत्कार फार लांब जातो. पण चढताना घाईने आवाज टाळण्यापेक्षा अर्धा तास आधी निघून सावकाश चढलेलं बरं. वारा तोंडावर येईल अशी बाजू धर, आणि संध्याकाळी थंड हवा उताराने खाली वाहते हे विसरू नकोस. तू टेकाडावर आणि हरणं खाली ओढ्याशी असली तर वास थेट त्यांच्याकडे जातो.

विसर्जनानंतरच्या शनिवारी सकाळी आमच्याकडे ये. मागच्या शेतात दोन चांगले ओक आहेत, माझी लाइफलाइनही लावलेली आहे. स्टँड, चारही स्टिक्स, हार्नेस घेऊन ये आणि नोव्हेंबरात घालणार तेच बूट आणि जॅकेट घालून ये, उकडलं तरी. आधी खालीच स्टँड लावून उतरवायचं, न बघता जमेपर्यंत. रिलीफ स्ट्रॅपचं प्रात्यक्षिक कँटनच्या वहिनी करून दाखवणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. आणखी कुणाला यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत मला वेगळ्या मेलने कळवा, पत्ता तिथेच देतो. जेवण आमच्याकडे.