डनॉटर किल्ल्यावर आधी काय सांगायचं: राजमुकुट की कोठडी?

समुद्रकाठी: मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहते. घरी कोणी आलं की स्टोनहेवनजवळचा डनॉटर दाखवतेच. तीन बाजूंनी उत्तर समुद्र, 50 मीटरचा कडा, दोनशेच्या वर पायऱ्या. दर वेळी पाहुणे स्कॉटलंडचा राजमुकुट वाचवल्याच्या गोष्टीत रमतात आणि ‘व्हिग्ज व्हॉल्ट’ ही कोठडी दोन मिनिटांत उरकतात. 1685 मध्ये त्या एका कोठडीत 122 पुरुष आणि 45 बायकांना कोंडलं होतं. धर्माच्या बाबतीत राजाला सर्वोच्च मानणार नाही म्हणाले, एवढाच गुन्हा. मागच्या खेपेला आम्ही आठ-दहा जण आत होतो, तरी मला कोंदटल्यासारखं झालं. समुद्राकडच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. किल्ल्याची ओळख इथूनच व्हायला हवी.

गडवाट: अजिबात पटलं नाही. मुकुटाची गोष्ट म्हणजे राजाचं कौतुक नव्हे. राजाविरुद्ध लढणाऱ्या इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने आठ महिने वेढा घातला, 1652 च्या मे महिन्यात किल्ला पडला, आणि आत मुकुट, राजदंड, तलवार काहीच नाही! जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको क्रिश्चियन ग्रेंजर हिने नवऱ्याच्या साथीने ते चर्चच्या फरशीखाली पुरलं. 1660 पर्यंत तिथेच होतं. पकडली गेली असती तर काय झालं असतं, विचार करा. ही गोष्ट मागे का ढकलायची?

समुद्रकाठी: तिच्या हिमतीपुढे मीही हात जोडते. पण ज्या राजासाठी, दुसऱ्या चार्ल्ससाठी, मुकुट वाचवला, त्याचाच भाऊ जेम्स 1685 ला गादीवर होता. तेहतीस वर्षांत त्याच घराण्याने त्याच किल्ल्यात माणसं कोंडली. काही जण खिडकीतून निसटले, कडा उतरताना काही पडून मेले. बऱ्याच जणांना जहाजात भरून अमेरिकेला धाडलं. मुकुट एडिंबराच्या किल्ल्यात जाऊन बघता येतो. या माणसांसाठी ही एक खोलीच आहे.

बाबा_दोन_मुलींचे: माझी धाकटी सात वर्षांची. तिला आधी कोठडीत नेलं असतं तर ती पुढे आलीच नसती. मुकुट कुठे लपवला असेल हे शोधत ती सगळा किल्ला फिरली. मुलांना आत ओढायला गोष्ट लागते.

गडवाट: अगदी. मात्र समुद्रकाठी, जेम्सचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तरीही सुरुवात क्रिश्चियनपासूनच करेन, आणि तिच्यानंतर थेट त्या खिडकीपाशी नेईन.

समुद्रकाठी: खिडकीपाशी थोडा वेळ थांबवा मात्र. दोन मिनिटं नकोत.