स्वप्नात जागं राहायचा नाद करावा का? माझं मत: करू नये

जागल्या: हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून महिनाभर मचाणावर जागल करतोय. तिथंच हा नाद लागला: पहाटे तीनचा अलार्म लावायचा, जरा वेळ जागं राहायचं, मग उताणं पडून अंग न हलवता झोपेत शिरायचं. म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळतं. दोनदा साधलं, वावरावरून उडालो. परवा मात्र जाग आली आणि हात हलेना. टॉर्च बोटांपासून वीतभर लांब, छातीवर दडपण, शिडीवरून कोणीतरी वर येतंय. ओरडलो तर आवाजच फुटेना. कोणी या नादी लागू नका.

रातराणी: नाही पटलं. शिडीवर कोणी नव्हतं, भाऊ. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातपाय लुळे करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच मचाणावरून खाली पडू. तुला जाग आधी आली आणि तो लुळेपणा मागे राहिला, एवढंच. डोळे आणि श्वास तेव्हाही चालू असतात. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न या मानसशास्त्रज्ञाने स्वप्न बघणाऱ्या माणसाने ठरवून केलेल्या डोळ्यांच्या खुणा यंत्रावर टिपल्या, त्या यामुळेच. मला लहानपणापासून विहिरीत पडायचं स्वप्न पडायचं. एकदा स्वप्नातच कळलं, आणि मी काठावर बसून राहिले. ते स्वप्न पुन्हा पडलं नाही. याला वाईट नाद कसं म्हणू?

वावरातली माय: अरे बाप्पा, पोराची झोप किती होते हे कोनी इचारलं काय? माह्या भावाले असंच होये. रात्रीची लाईन, मोटर चालू कराले दोनदा उठे, अन् पहाटे अंग जखडे. त्यानं कोनताच अलार्म नव्हता लावला! आजी म्हने मुंजा बसला, उशाशी विळा ठेवे. विळ्यानं काही झालं नाही. दिवसा लाईन आली, झोप पुरी झाली, तवा थांबलं.

रातराणी: झोपेचं पटलं, ताई. जागलीत अलार्म लावणं चूकच. उताणं झोपल्यावरही हे जास्त होतं, कुशीवर झोप. पण चूक तुटक झोपेची आहे, स्वप्नाची नाही.

जागल्या: तुम्ही घरात झोपता, ताई. मी एकटा असतो, आणि खरंच डुक्कर आलं असतं तर? मत तेच आहे.

वावरातली माय: तं मग एकटा जाऊ नको. शेजारच्या वावरवाल्यासंगं पाळी लाव, एक रात्र तो, एक रात्र तू. तरीबी घडीघडी झालं, दिवसा बसल्याजागी डोळा लागू लागला, तं डॉक्टरले दाखव.