मदत हवी आहे: मराठीत ब्रशने लिहिल्यासारखा फाँट

नमस्कार मंडळी, ठाण्यात नौपाड्यात राहते, घरून मसाले आणि भाजणी विकते, आता बरणीवर लावायला स्टिकर छापायचेत. भाचीने एक मस्त ब्रश फाँट उतरवून दिला, एकदम मोकळाढाकळा, घाईत कुंचला फिरवल्यासारखा, इंग्लिशमध्ये नाव टाकलं की झकास दिसतं पण 'आईच्या हातची भाजणी' टाईप केलं की अक्षरं विंडोजच्या साध्या मंगल फाँटमध्येच येतात. म्हणजे त्यात देवनागरी नाहीच ना?

मग कलाम नावाचा फाँट वापरून बघितला, फुकट आहे, मराठी नीट येतं, पण तो स्केचपेनने लिहिल्यासारखा वाटतो, ब्रशचा जाड-बारीक फराटा नाही. यात्रा वन हा फाँट पण छान आहे, पण तो रेल्वे स्टेशनच्या पाटीसारखा, भाजणीपेक्षा बदलापूर लोकल आठवते 😄

त्यात प्रिंटरवाल्याकडे जुनं सॉफ्टवेअर, त्याच्या जुन्या फाँटमध्ये माझा व्हॉट्सॲपवरचा मजकूर पेस्ट केला तर नुसती खिचडी, आणि युनिकोड (मोबाईलवर टाईप करतो तसल्या मराठीचा) फाँट घेतला तर 'च्या' तुटून च् आणि या वेगळे, वर पहिली वेलांटी भलतीकडेच. पीडीएफमध्ये फाँट आऊटलाईन करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून) दिला तर चालेल का?

आणि भाचीच्या फाँटवर 'पर्सनल यूज' लिहिलंय, म्हणजे विकायच्या मालावर नाही ना चालणार? कुणाला देवनागरी ब्रश फाँट माहीत असेल, विकतचा पण चालेल, तर सांगा प्लीज. की सरळ एखाद्या सुलेखनवाल्याकडून नाव लिहून घेऊन स्कॅन करू? बारीक मजकूर, वजन, किंमत वगैरे साध्याच फाँटमध्ये ठेवणारे, सासूबाईंना चष्मा लावूनही ते फराटे वाचता येत नाहीत.