रत्नागिरीला राहायला जाताना
कोणीतरी म्हटलंय, पुण्यातला कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन रत्नागिरीत समुद्राजवळ राहू. खुशाल राहा, पण आधी जुलैत आठवडाभर राहून बघा. मे महिन्यातल्या हापूसवर भाळून व्यवहार नको. पाऊस पुण्याच्या निदान चौपट. खरा वैरी मात्र मीठ. खाऱ्या हवेत ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस ठिपके येतात. बिजागऱ्या, कड्या ३१६ या मीठ जास्त सोसणाऱ्या स्टीलच्याच घ्या. एसीचं बाहेरचं युनिट अधूनमधून, वीज बंद करून, गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर त्याच्या पातळ पट्ट्या हाताला भुगा होऊन येतात. कपाट भिंतीपासून २-३ इंच पुढे, नाहीतर मागे बुरशी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा ताज्या सुरमईची आस नको. खाडीची मासळी मिळते, तीही काही वाईट नसते.