शब्दचर्चा : सुतार पक्ष्याची मानगूट आणि पुठ्ठा

आमच्या इकडं, म्हणजे वर्धा जिल्ह्यात सेलू, हिंगणी, बोर धरणाच्या अंगानं, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या पोरांचा आता चांगला जथा झाला आहे, सकाळी वावरात जाता जाता कॅमेरा नाही तर मोबाईल सोबत असतोच, आणि दिवसभरात ग्रुपवर फोटो पडतो, "भाऊ हा कोणता?" खाली उत्तर येते, "सुतार". बस, तिथं विषय संपतो. पण विदर्भातलं जंगल आणि वावराचे धुरे (बांध) मिळून सुतार काही एकटा नाही, नीट पाहिलं तर पाच-सहा जातीचे आहेत, आणि त्यातला नेमका कोणता हे सांगायची वेळ आली की आपण लगेच क्राउन (माथा), नेप, रम्प, मँटल (पाठीचा वरचा भाग) असं बोलायला लागतो. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो, या सगळ्याला मराठीत पक्के शब्द आहेत, ते आपण बैलबाजारात आणि घरात रोज वापरतो, फक्त पक्ष्यापर्यंत नेत नाही.

सोनेरी पाठीचेच दोन घ्या, सगळ्यात जास्त गोंधळ त्यांचाच होतो. एक नेहमीचा, गावाजवळच्या आमराईत, कडुनिंबावर, चिंचेवर कुठंही दिसणारा, ज्याला सोनपाठी सुतार म्हणतात. दुसरा त्याच्याहून थोडा मोठा, सागाच्या आणि मिश्र पानगळीच्या जंगलातला, बोर, ताडोबा, पेंच इकडचा. दोघांचे पंख सोनेरी, दोघांना शेंडी, नराची शेंडी दोघांचीही लालभडक. लांबून एकच वाटतात. फरक आहे मानगुटीत. इंग्रजीतलं नेप म्हणजे आपली मानगूट, भूत मानगुटीवर बसते ना, तीच जागा. नेहमीच्या सुताराची मानगूट काळी असते, जंगलातल्या मोठ्याची पांढरीशुभ्र, आणि तो पांढरा रंग मानगुटीवरून खाली पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो, दोन्ही बाजूंनी खांद्याच्या काळ्या पट्ट्यांमध्ये धरलेला. म्हणून मी त्याला सरळ 'पांढऱ्या मानगुटीचा सुतार' म्हणतो. शब्द ऐकला की पाहणाऱ्याची नजर बरोबर तिथंच जाते, 'पांढऱ्या मानेचा' म्हटलं की पोरं गळा पाहत बसतात.

आता रम्प. पाठ संपून शेपूट सुरू व्हायच्या आधीचा भाग. पुस्तकात कुठं कंबर, कुठं पार्श्वभाग असं काहीबाही दिसते. शेतकरी माणसाला विचारा, बैलाचा हाच भाग म्हणजे पुठ्ठा, "पुठ्ठा भरला आहे" म्हणून बैलाची किंमत होते. मग पक्ष्याचाही पुठ्ठाच. आणि इथं एक गंमत आहे, नेहमीच्या सोनपाठीचं इंग्रजी नावच काळ्या पुठ्ठ्यावरून ठेवलं आहे, पण विदर्भात हे दोघं शेजारी ठेवले तर ती खूण काही कामाची नाही, कारण पांढऱ्या मानगुटीवाल्याचाही पुठ्ठा काळाच. ती खूण कामी येते सह्याद्रीत नाही तर हिमालयाच्या पायथ्याला, तिकडं सोनेरी पाठीचे दुसरे सुतार आहेत त्यांचा पुठ्ठा लाल असतो. त्यामुळं इंग्रजी नावाचा शब्दाला शब्द लावून मराठी नाव केलं की ते आपल्या जंगलात नीट चालत नाही, आपल्याकडं जी खूण उपयोगी तीच नावात यावी असं मला वाटते.

फोटो काढतानाही हेच. नुसती चोच आणि डोळा शार्प आला म्हणून पोरं खुश होतात, पण ओळखायला मानगूट, माथा आणि गळा पाहिजे. माणूस दिसला की सुतार खोडाच्या पलीकडं सरकतो, मग त्याच्या मागं गोल फिरू नका, तुम्ही फिरले की तोही फिरते. जागेवर थांबा. तो खोडाच्या खालच्या भागातून सुरू करून वर वर चढत जातो आणि मग उडून पुढच्या झाडाच्या बुडाशी उतरतो, म्हणून पुढच्या झाडावर आधीच नजर ठेवली तर तो उतरताना पूर्ण पाठ मिळते, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल, साग-मोहाची पानं गळलेली असतात तेव्हा सगळ्यात सोपं. आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावू नका, तो हद्दीसाठी भांडायला येते, ढोलीतली पिल्लं तशीच राहतात.

प्रतिसाद, गोंदियाहून :
दादा, आमच्याकडं वेगळीच भानगड आहे. नवीन पोरं हिंदीच्या धाकानं कठफोडा म्हणतात, आणि म्हातारी माणसं सुतार म्हणतात ते भलत्याच पक्ष्याला, तो अंगणात उतरून लांब वाकडी चोच मातीत खुपसतो, डोक्यावर पंख्यावानी तुरा उघडते, पंखावर काळे-पांढरे पट्टे. हे बरोबर का चूक?

उत्तर :
ताई, तो हुदहुद. आणि सुतार हे नाव त्याला फक्त तुमच्याकडंच नाही, महाराष्ट्रात पुष्कळ गावांत आहे. आजीला चूक म्हणू नका, चोचीनं ठोकत राहणारा पक्षी तो सुतार असा तिचा हिशेब आहे आणि तो तिच्या अंगणात चुकत नाही. पण फोटोखाली लिहिताना हुदहुदच लिहा. फरक सोपा आहे, हुदहुद जमिनीवर चालतो, त्याची चोच बारीक आणि वाकडी, लाकूड कोरायची नाहीच. झाडाला उभा चिकटून, ताठ शेपटीचा टेकू देऊन बसला असेल तर तो खरा सुतार, त्याच्या पायाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं अशी पकड असते. कामधंद्यावरून नावं ठेवायची आपली रीतच आहे, शिंपी, धोबी, कोतवाल, तांबट. या तांबटाचंही लक्षात ठेवा, तोही वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडून घर करतो, त्यामुळं भोक दिसलं म्हणजे सुताराचंच असं नाही.

प्रतिसाद, अकोल्याहून :
पुठ्ठा शब्द मला पटला नाही भाऊ. शाळेतल्या पोराला पुठ्ठा म्हटलं की वहीचा पुठ्ठाच आठवते, आणि दुसरा अर्थ सांगितला त वर्गात हसतात. कंबर काहून नको?

उत्तर :
सर, कंबर म्हणजे मधला भाग, बरगड्या आणि कुल्ह्याच्या मधला. पक्ष्याचा फोटो समोर ठेवून कंबर दाखव म्हटलं तर पोरगं पाठीच्या मध्यावर बोट ठेवते, आणि आपल्याला पाहिजे शेपटीच्या मुळाजवळची जागा. पुठ्ठ्यानं बोट बरोबर जागेवर जाते. पोरं हसतील, पण एकदाच, नंतर ध्यानात राहते. एक उदाहरण वर्गात सांगून पाहा, आपल्याकडं हिरव्या पाठीचा, गळ्यावर रेघा असलेला एक सुतार आहे, झाडापेक्षा जमिनीवर मुंग्या आणि उधळी (वाळवी) खाताना जास्त सापडतो, तो उडाला की पिवळा पुठ्ठा चमकते. त्याचं शास्त्रीय नाव पायकस झँथोपायजियस, त्यातल्या ग्रीक शब्दांचा अर्थच पिवळा पुठ्ठा. शास्त्रज्ञांना लाज वाटली नाही त आपण काहून लाजायचं.

प्रतिसाद, यवतमाळहून :
ड्रमिंगला काय म्हणता? आम्ही सगळ्यालाच टकटक म्हणतो.

उत्तर :
टकटक एकच शब्द तीन कामांना पुरत नाही. किड्यासाठी साल उकरताना ठोके थांबून थांबून, कमीजास्त पडतात, ते टोचणं. घरासाठी भोक पाडतो ते कोरणं, खाली ताजा भुसा पडलेला दिसते. आणि विणीच्या काळात पोकळ, वाळल्या फांदीवर एका दमात घाईघाईनं ठोके देतो, त्यात खाणंही नाही आणि घरही नाही, ती हाक आहे, जोडीदाराला आणि शेजाऱ्याला ऐकू जावी म्हणून. हेच ड्रमिंग, याला माझा शब्द डफडं. "सुतार डफडं वाजवून राहिला" म्हटलं की कोणालाही समजते तो काय करून राहिला. फोटोवाल्यालाही हा फरक कामाचा आहे, डफडं वाजवणारा पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतो, टोचणारा पुढं निघून जातो. कोरणाऱ्यापासून मात्र लांबच राहा. त्यानं कोरलेली ढोली पुढं मैना, पोपट, पिंगळा यांच्याही कामी येते.

प्रतिसाद, चंद्रपूरहून :
मादीला सुतारीण म्हणायचं का?

उत्तर :
बोलताना म्हणा, गोड वाटते. लिहिताना 'सुतार मादी' बरं. ओळख माथ्यावरून, पांढऱ्या मानगुटीवाल्या मादीचा माथा पिवळा असते, नेहमीच्या सोनपाठी मादीचा पुढचा माथा काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल रंग फक्त मागच्या शेंडीत.

प्रतिसाद, वाशीमहून :
माझ्याकडं एक फोटो आहे, वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीचा. मैनेहून लहान, पाठीवर काळ्यावर पांढरे ठिपके, छातीवर रेघा, पोटावर लाल डाग पडल्यासारखा. रक्त लागलं का म्हणून आधी घाबरलो. काय म्हणावं?

उत्तर :
घाबरू नका, रक्त नाही, त्याच्या पोटाचा रंगच तो. हा मराठा सुतार. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं 1801 मध्ये मराठ्यांच्या मुलखावरून त्याचं नाव मराठेन्सिस ठेवलं, इंग्रजीतही तो बरीच वर्षं मराठा वुडपेकर होता, आता तिकडं माथ्याच्या पिवळ्या रंगावरून नाव चालते. आपण मराठाच ठेवू. तुमचा फोटो मोठा करून माथा पाहा, कपाळाजवळ पिवळा आणि मागं लाल असेल तर नर, लाल कुठंच नसेल, पिवळसर-तपकिरीच असेल तर मादी. आणि लांबी साधारण 18 सेंमी म्हणजे मराठाच, चिमणीहूनही लहान वाटला, 13 सेंमीच्या आसपास, माथा तपकिरी आणि पोटावर लाल काहीच नाही, तर तो दुसरा, तपकिरी डोक्याचा पिटुकला सुतार. तुमच्या वर्णनात लाल डाग आहे, म्हणून तो बाद. फोटो टाका, नर का मादी तेवढं पाहू.